पहिल्या दळणाची भाकर

आई, आज कचेरीतून आलो आणि कोटही न काढता तुझ्या जात्यापाशी बसलो आहे. तुझी सून म्हणते, पीठ गिरणीतून येतं, मग ही धोंड कशाला? तू जाऊन इतकी वर्षं झाली, पण मला ते हलवू देववत नाही. ती दुपार अजून दिसते. मी ओसरीवर गणितं सोडवतो आहे, अंगणात टाकारी छिन्नी-हातोडा घेऊन जात्याच्या झिजलेल्या दगडाला खाचा पाडत टाकी लावतो आहे, आणि तू त्याच्या डोक्यावर उभी. "बारीक मार गा, मागच्यानं निस्तं भरडून ठेवलं होतं!" दिवेलागणीपर्यंत तुझं काही समाधान झालं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको रडत दारात आली. आदल्या दुपारी सीताबर्डीत चोरी झाली होती आणि पोलिसांनी त्याला उचललं होतं. पाहिलं कोणीच नव्हतं. पण सरकारनं त्याची अख्खी जातच चोर ठरवलेली. रोज ठाण्यावर हजेरी, आणि कुठं काही गेलं की आधी यांच्यातलाच कोणी धरायचा. "तो तुमच्या घरी होता, मी फौजदाराले सांगतलं, बाई. तो हासला." तू साक्षीला जाते म्हणालीस. बाबा म्हणाले, आपल्या घरच्या बायका कचेरीची पायरी चढत नाहीत.

टाकी लावल्यावरचं पहिलं दळण कचकच लागतं, म्हणून गुरांना घालतात. तू त्याचीच भाकर थापलीस आणि बाबांना वाढलीस. पहिल्याच घासाला त्यांनी तोंड वाकडं केलं.

"हे काय वाढलं?"

"नवी टाकी हाय. कोणं लावली अन् कवा लावली, मालूम हाय ना तुम्हाले?"

बाबांनी ती भाकर संपवली आणि सकाळी ते स्वतः टांगा घेऊन आले. आई, काय बाई होतीस तू!

कचेरीत साहेबांनी तुझी दोन वाक्यं ऐकली आणि त्याला सोडलं. तू मात्र हलेनास. "साहेब, त्याच्या बायकोनं हेच सांगतलं होतं. तिचं काहून नाही आयकलं?" साहेब हसले. म्हणाले, घरंदाज बाईची गोष्ट वेगळी. मीही बरोबर होतो; परतताना टांग्यात तू रडलीस. मी म्हटलं, सुटला ना तो? "सुटला रे, पन उद्या हजेरी हायेच ना त्याले."

वकील झालो तो त्या टांग्यात. आज त्याच जातीचा दुसरा एक माणूस पिंजऱ्यात होता. त्याची बायको साक्ष देऊ लागली, तशी साहेबांनी लेखणी खाली ठेवली. मी उठलो. कायद्याची कलमं पाठ होती, पण तोंडातून निघालं, "साहेब, तिचं काहून नाही आयकत?" सगळे हसले. साहेब म्हणाले, नीट बोला. मी पुन्हा तेच, तसंच विचारलं. तेव्हा कुठं त्यांनी लेखणी उचलली.

उद्या निकाल आहे. हे पत्र घालायला पेटी नाही, जात्याच्या तोंडातच ठेवतो. घरी मी सांगितलं, सुटेल तो. वकिलानं तसंच सांगायचं असतं. तुला म्हणून सांगतो, मला फार भीती वाटते आहे.