नवरदेवाच्या घोडीचा उजवा पाय

बाबा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज मी तुम्हाला घोडीचं सांगायला बसले आहे. मी बोलते, सून लिहिते. मधेमधे ती हसते, ते लिहू नको म्हटलं आहे.

नातीनं अकोल्याहून घोडी आणली, नवरदेव मिरवणारी. उमदी आहे, पण एक खोड. धावताना उजवीकडे वळायचं तर उजवा पाय पुढे पडायला हवा; ही डावाच पुढे टाकते आणि वळणावर अडखळते. नात वलगावच्या वावरात तिला इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी फिरवते. तो आठ कसा असतो ते सुनेनं मला दोन भाकरी चिकटवून दाखवलं. पहिली भाकर बरी जाते, दुसरीवर गाडं अडतं. एकदा दोघी भुईमुगात जाऊन पडल्या. माझा लेक म्हणाला, "रविवारपर्यंत नाई सुधारली तं घोडी वापस. हाडं मोडून घ्याची हायेत का?" त्या दिवशी नात जेवलीच नाही.

मी बांधावर बसून पाहत होते, तर मला तुम्ही दिसता. आपलीही घोडी वरातीचीच. तुम्ही लगाम धरून कायम तिच्या डाव्या बाजूनं चालता, मी एवढीशी पोर वर बसलेली. ती मान तुमच्याकडे वळवूनच चालते, खिशातल्या गुळासाठी. मी वाकून तिच्या टापा बघायला जाते की तुम्ही खेकसता, "खाली काय आहे वो? समोर ध्यान ठेव. तिचं ती पाहून घेईन."

नातीला म्हटलं, "तुह्या घोडीच्या डाव्या अंगाले जल्मभर माणूस होता. ती अजून त्याच्याकडंच मान वाकडी करून राहिली."

"मंग आता त्याले कुठून आणू, आजी?"

"त्याले राहू दे अकोल्यात. तू उजवीकडून चाल."

मग नात तिला रोज उजव्या अंगानं, मान सरळ ठेवून हिंडवू लागली. नंतर वर बसून दोन भाकरींच्या मधे वेग कमी करायचा, दुडकी चाल धरायची, मान सरळ झाली की मगच उजवा पाय मागायचा. आधी पुढचा बदलला, मागचा तसाच. नात तोच बघायला वाकायची आणि घोडीचा तोल जायचा. मी तुमच्यासारखीच खेकसले. फार मजा आली, बाबा. लहानपणी मला वाटायचं तुम्ही रागावता.

रविवारी लेक बांधावर येऊन उभा राहिला आणि ऐन वळणाला त्याचा फोन वाजला. पाठ फिरवून बोलत बसला. परत वळून विचारतो, "माय, बदलला का पाय?"

"बदलला."

"मागचाबी?"

"मागचाबी."

घोडी राहिली. आता ती छान वळते आणि लेक पाहुण्यांना हात धरून वावरात नेतो.

हे पत्र कुठं जायचं नाही म्हणून सांगते. नात उजवीकडे वळली तेव्हा मी पदर डोळ्यांवर घेतला होता. टापा ऐकल्या, कुणी पडल्याचा आवाज आला नाही, तेवढ्यावर सांगितलं.