डुक्कर मला मानवलं

३ जानेवारी, सकाळ
आज एका हाताने चहा प्यायलो. बशीत थेंब नाही. कंपवातावर डॉक्टरीणबाईंनी मेंदूत डुकराच्या पेशी घातल्या हे खरं, पण श्रेय माझ्या तब्येतीला. डुक्कर मला मानवलं. संकल्प: उन्हाळ्याच्या आत सलूनमधली माझी खुर्ची परत घ्यायची. सध्या तिथे जावई उभा राहतो. माकडाच्या हाती कोलीत.

९ जानेवारी
चेकअप. बाई म्हणाल्या, शरीर परक्या पेशी ओळखून मारतं, म्हणून त्याला गप्प ठेवणाऱ्या गोळ्या जन्मभर घ्यायच्या. हसू आलं. माझं शरीर काय इतक्या कोत्या मनाचं आहे?

२० जानेवारी
गोळ्यांनी तोंड टम्म फुगलंय. कानांवर केस उगवलेत, न्हाव्याच्या कानांवर! जावयाने कात्री पुढे केली. नको म्हटलं. मुलीने लग्न केलं म्हणून परका आपला होत नाही.

२ फेब्रुवारी
फुग्याला फेस लावून वस्तऱ्याची प्रॅक्टिस. फुगा फुटला. हल्ली मालच हलका येतो. मग गोळ्यांच्या खोक्यातला कागद भिंगाने वाचला. दुष्परिणाम: हात थरथरणे. घ्या! चोर घरातच. आजपासून गोळ्या कुंडीत. हिला सांगायचं नाही, उगाच डोकं खाईल.

१५ फेब्रुवारी
सूज उतरली. ही म्हणाली, गोळ्या लागू पडल्या. मी मान डोलावली. फुगा शाबूत.

१ मार्च
चहा सांडला. कपाचा कान फार बारीक. हॉस्पिटलचा फोन आला, तपासणीला का आला नाहीत म्हणून. सर्दी झालीय म्हणून सांगितलं.

६ मार्च
सलूनमध्ये गेलो. जावयाला म्हटलं, बस, तुझीच दाढी करतो. बसला मुकाट्याने, मान वर करून. गालावर दोन चिरा, कानाची पाळी लोंबली. गिऱ्हाइकं उठून गेली. तो म्हणाला, बाबा, मीच हललो. कबूल केलं तेवढं बरं.

३० मार्च
ह्यांना पेन धरवत नाही. हे सांगतात, मी लिहिते.
ऑपरेशन उत्तम होतं, डुक्करच नालायक निघालं. हे ह्यांचे शब्द.
बाईंनी स्कॅन दाखवला. पेशी सगळ्या मेल्या, पुन्हा घालता येणार नाहीत. गोळ्यांचं मला मागच्या पानांवरून कळलं. त्या कुंडीला मी रोज पाणी घालत होते.
जावई दुकान उघडायच्या आधी येऊन ह्यांची दाढी करतो. त्याच्या कानाला अजून पट्टी आहे. ह्यांचं डोकं हलतं, म्हणून छातीशी धरून करतो. हे म्हणाले, लिही, हात जड आहे त्याचा. आज ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, तर म्हणाले, फेस गेला असं लिही.
लिहिलं.