वंदनाच्या लॉगिनमधली डंप फाईल

११ नोव्हें., मंगळ. नांदेड
सकाळीच लातूरच्या ब्लड बँकेतून डॉ. स. चा फोन. बँक त्यांची, प्रोग्राम माझा, आठ वर्षांपासून. काल एका पिशवीवर बी पॉझिटिव्हच्या जागी ओ पॉझिटिव्हचं लेबल गेलं. दवाखान्यात लावायच्या आधी रक्त जुळवून पाहिलं, तिथं सापडलं. पेशंट वाचला तो नशिबानं. डॉ. स. म्हणे, "आमची सिस्टिमच तशी आहे, चूक धरतेच." कप्पाळ सिस्टिम.

खापर टेक्निशियनवर, वंदना कांबळे. निलंबित. सोमवारी चौकशी. "मुरुडवरून बसनं येतात, डोकं ठिकाणावर नसतं. त्यात कोट्यातल्या. तुम्ही फक्त प्रोग्राम ओके आहे एवढं लिहून द्या." म्हणलो, ओके आहेच. कोट्याबद्दल काही बोललो नाही. चहा पीत होतो.

दुपारी तिचाच फोन. "सर, मी बी च टाकलं होतं. प्रिंट देताना प्रोग्राम पडला. परत चालू केला तर लेबल आपोआप निघालं."
आपोआप! ऑपरेटर लोकांचं सगळं आपोआप होतं. आमच्याकडं दूधही आपोआप उतू जातं.
सरकारी दवाखान्याची ऑर्डर आलीय तिची, पुढच्या महिन्यात रुजू व्हायचंय. चौकशीत शेरा लागला की गेली. हे तिनं रडत सांगितलं असतं तर मी फोन ठेवला असता. सरळ सांगितलं, म्हणून ऐकलं.

१२ नोव्हें., बुध.
प्रोग्राम पडला म्हणते ना, मग पुरावा असणार. प्रोग्राम पडला की विंडोज त्याला आहे तसा गोठवते आणि त्या घटकेला मेमरीत जे जे होतं ते एका फाईलीत उतरवून ठेवते. डंप. मुडदा हलवायच्या आधी पंचनामा करतात तसं. पोरीनं बी टाकलं की ओ, ते त्यात दिसेलच. नुसती छोटी फाईल पडून उपयोग नसतो, म्हणून त्या मशीनवर पूर्ण मेमरी उतरवायची सोय मीच लावून ठेवली होती.

हे डॉ. स. ला समजावलं. दहा मिनिटं. शेवटी विचारतो, "म्हणजे सीसीटीव्ही का?" एम.डी. झालेला माणूस. मी म्हणलो, हाव, सीसीटीव्हीच समजा.

बायको, शोभा, म्हणाली, तिच्यासाठी लातूरपर्यंत चाललात, नवलच. तिच्यासाठी कशाला? प्रोग्रामवर नाव माझं आहे.

१३ नोव्हें., गुरु. लातूर
बसमध्ये शेजारी एक गृहस्थ देवणीपर्यंतच्या सोयरिकी सांगत होता. डोक्याचा भुगा.

ब्लड बँकेत पोचलो तर डंपचं फोल्डर साफ. एक फाईल नाही. का, तर मुन्ना येऊन गेला. मुन्ना म्हणजे त्यांचा हार्डवेअरवाला. मशीन मंद झाली की ह्याचा एकच मंत्र: टेम्प, परसेंट टेम्प, प्रीफेच, असली तात्पुरत्या फायलींची फोल्डरं उघड, सगळं सिलेक्ट, शिफ्ट डिलीट. मराठवाड्यातला एकूण एक कॉम्प्युटरवाला हे देवपूजेसारखं करतो, आणि मशीन लई हलकी झाली म्हणून पैसे घेतो. ह्यानं वर मोठ्या फायली शोधून त्याही उडवल्या. मशीनवर स्वस्तिक काढलंय, लिंबूही लटकावलंय, डंप मात्र ठेवता येत नाही.

फोन लावून झापला.
"सर, तुमीच सांगितलं होतं ना मागं. सी ड्राइव्ह लाल झाली की मोठ्या फायली उडव म्हणून."
म्हणलो असेन. डोकं वापर असंही म्हणलो असेन, ते बरोबर विसरला.

बाहेर टपरीवर उभा राहिलो. तेव्हा सुचलं. डंप पडतो तो ज्याच्या नावानं लॉगिन असेल त्याच्या फोल्डरात. मुन्नानं पुसलं ते 'अ‍ॅडमिन'चं; इथं सगळे त्याच एकावर बसतात, पासवर्ड मॉनिटरवर चिकटवलेला. दोन वर्षांखाली मी सगळ्यांना उभं करून ओरडलो होतो, आपापल्या नावानं बसा. कोणी ऐकलं नाही.

वंदनाला फोन केला. "तू कोणत्या लॉगिननं बसत होतीस?"
"माझ्याच. तुमी सांगितलं होतं ना सर."

पळत आत गेलो. तेवढ्यात मुन्ना येऊन मशीनवर बसलेला. ऑफिसनं चिठ्ठी दिली होती, तिचं नाव मशीनवरून काढून टाका. पडद्यावर विंडोज विचारून राहिली होती, फायली ठेवू की पुसू? ह्याचं बोट पुसायवर. हात धरला अक्षरशः. "अरे थांब की बैला!"
तिच्या फोल्डरात तीन डंप. त्यातला एक त्या दिवशीचा, दुपारी १२.५२. पेनड्राइव्हवर घेतला. मुन्नाला चहा पाजला, माझ्याच पैशानं.

१५ नोव्हें., शनि. नांदेड
काल दिवसभर लाईट नव्हती. आज फाईल उघडली.

कचऱ्यासारखी अक्षरं, त्यात मधेच माणसं. कोण्या रक्तदात्याचं अर्धं आडनाव. कोणाचा तरी पत्ता, किल्लारी. आधीच्या पिशवीचा नंबर. आणि मग तिची पिशवी, आणि तिच्यापुढं, तिनं टाकलेलं: बी पॉझिटिव्ह.

वा! पोरगी खरं बोलत होती. डॉ. स. चं तोंड बघायला मिळणार सोमवारी. एम.डी. म्हणे.

शोभाला दाखवलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "तिनं बी टाकलं, मग लेबल ओ चं कसं निघालं?"
म्हणलो, तुला नाही कळायचं.
जेवण गेलं नाही.

१६ नोव्हें., रवि.
शोभाचा प्रश्न सकाळपासून खाऊन राहिला. दुपारी कोड काढला. आठ वर्षं जुना, माझाच.

प्रोग्राम पडून परत चालू झाला की शेवटी जतन झालेली नोंद आपोआप भरायची. ही सोय मीच घातली होती, मोठ्या तोऱ्यात दाखवलीही होती, लाईट गेली तरी काम वाया जात नाही म्हणून. तिची नोंद जतन व्हायच्या आधीच प्रोग्राम पडला. परत उठला तेव्हा पिशवी नंबर नवा, तो प्रोग्राम स्वतःच पुढचा घेतो, आणि रक्तगट आधीच्या पिशवीचा. ओ. रकाना कुलूपबंद, तिला बदलता येऊ नये. आणि लेबल न विचारता छापायचं.

बाजूला मीच लिहून ठेवलेली ओळ:
ऑपरेटरला विचारू नये. बावळट असतात. भलतंच दाबतात.
खाली माझी आद्याक्षरं.

तीन वेळा वाचली.

हाच प्रोग्राम अजून चार ठिकाणी चालू आहे. चारही ठिकाणी फोन केले. म्हणलो, प्रोग्राम बंद पडून उठला तर पहिलं लेबल फाडा, गट हातानं तपासा. का, ते सांगितलं नाही. एकानं विचारलं, त्याला म्हणलो, अपडेट येऊन राहिलंय.

संध्याकाळी डॉ. स. "उदगीरला दुसरी बँक उघडतोय, सॉफ्टवेअर तुमचंच. उद्या दोन ओळी लिहून आणा, प्रोग्राम ओके." मी बघतो म्हणलो. बघतो! आयुष्यात इतका मिळमिळीत शब्द वापरला नव्हता.

तिच्या फाईलीनं तिचं बी पॉझिटिव्ह सिद्ध होतंच. पण पुढचा प्रश्न शोभानं विचारला, तो उद्या कोणीही विचारेल. आणि कोणी नाही विचारला तर डॉ. स. म्हणेल, बी टाकलं होतं तर छापताना बघितलं का नाही, शेरा मारा. मग माझ्याशिवाय कोणाला उत्तर माहीत आहे?

१७ नोव्हें., सोम. लातूर, १०.४०
आतल्या खोलीत डॉ. स. आणि बाहेरून बोलावलेले दोघे. चौकशी ११ ला. पेनड्राइव्ह शर्टाच्या खिशात. कोडचं ते पानही छापून आणलंय, घडी घालून. दोन ओळींचा कागद पण आणलाय. खोटं कशाला लिहू, आणलाय.

समोरच्या बाकावर वंदना आणि तिचे वडील. मला बघून दोघं उठून उभे राहिले.
"जय भीम सर. लई उपकार झाले. पोरगी म्हणली, सरांनी फाईल वाचवली."
वंदना म्हणाली, "तुमी त्या दिवशी ओरडले नसते सर, तर मी बी अ‍ॅडमिनवरच बसले असते. तुमच्यामुळं वाचले."
बसा म्हणलो.

ते बसले नाहीत. मी उभा आहे तोवर बसणार नाहीत, हे उशिरा लक्षात आलं. मग मी बसलो.

शिपाई आला. आधी मला बोलावलंय.