लाल डावीकडे, हिरवी उजवीकडे

सोमवार, २८ एप्रिल १९९७. सातारा
आजही तेच. ‘त्याला सांग, पंखा बंद कर म्हणावं.’ बापलेक एकाच खोलीत, मध्ये फक्त कपाट. मी पोळी तव्यावर टाकून येऊन सांगायचं. मग धवल म्हणणार, ‘आई, बाबांना सांग, मी अजून वाचतोय.’ या घरातला टेलिफोन झालेय मी.

होळीपासून हे असं चाललंय. धवल नौदलाची लेखी परीक्षा पास झाला, जूनमध्ये मेडिकलला बोलावणं आलं, तेव्हापासून. सासरे पायदळात, दोन्ही दीर पायदळात, हे स्वतः सुभेदार होऊन रिटायर झाले. ‘आमच्यात पान्यात कुणी गेलं न्हाई. त्याला सांग, माझं न्हाई म्हंजे न्हाई.’ पोरगं बापाच्या शब्दाबाहेर जायचं नाही, आणि बापाला विचारायलाही तयार नाही.

लग्नसराईचे ब्लाऊज शिवायचे पडलेत. पाठ मोडून आली. दोघांचाही कंटाळा आलाय मला, आज लिहूनच टाकते.

शनिवार, ३ मे
धवलनं नवीनच काढलंय. डिसेंबरमध्ये तो कॉलेजच्या मुलांबरोबर विजयदुर्गला जाऊन आला होता. आता म्हणतो, ‘तू बाबांना घेऊन तिकडे ये. मी आदल्या दिवशी जाऊन गावभर खुणा लावून ठेवतो. कागद देतो, तो वाचत तुम्ही दोघांनीच चालायचं. आरमाराचं गाव आहे, बाबांनी एकदा पायांनी बघू दे. शेवटाला खजिना. तिथवर येऊनही नाही म्हणाले, तर मी विषय सोडला.’

म्हटलं, माझे गुडघे काय म्हणतील? पण सांगायचं काम माझंच, सांगितलं. वाटलं उखडतील. पेपर खाली ठेवला नि विचारलं, ‘नकाशा हाय का?’

नकाशा म्हटलं की या माणसाच्यानं नाही म्हणवत नाही. पोरानं बरोबर ओळखलंय बापाला.

मंगळवार, ६ मे
लाल आणि हिरव्या चिंध्या मागत होता. जहाजाला म्हणे डाव्या अंगाला लाल दिवा असतो, उजव्या अंगाला हिरवा. तसंच आपलं – लाल चिंधी दिसली की डावीकडे वळायचं, हिरवी दिसली की उजवीकडे. म्हटलं, डब्यात बघ, मला मान वर करायला वेळ नाही. स्वतःच निवडून घेऊन गेला.

शुक्रवार, ९ मे. विजयदुर्ग
कोल्हापूरला गाडी बदलली. घाटात दोनदा उलटी झाली मला. उंब्रज मागे गेल्यापासून हे कागद हातात धरून बसलेले, चाळशी लावून. उकाडा काय म्हणावा!

शनिवार, १० मे. विजयदुर्ग
सगळं नीट लिहून ठेवते.

सकाळी एस.टी. स्टँडपासून निघालो. कागदावर धवलचं अक्षर – ‘पहिल्या चिंधीला वळलात की धक्का दिसेल. तिथल्या सगळ्यात जुन्या होडीसमोर पुढची खूण.’ पहिली चिंधी माडाला बांधलेली. हिरवी. वळलो उजवीकडे. चालतोय, चालतोय, धक्का कुठला? वाळत घातलेली मासळी, एक भुंकणारं कुत्रं आणि जाळं विणणारी म्हातारी. तिनं हातानंच मागे दाखवलं.

मला वाटलं आता हे भडकणार. नाही भडकले. परत माडापाशी आले, चिंधी सोडून खिशात घातली नि डावीकडे चालू लागले. म्हटलं, ‘कशाला सोडली?’ तर म्हणे, ‘मागं खूण ठेवायची न्हाई. सवय हाय.’

धक्का होता तिथेच. जुनी होडी सापडली. खांबाला बांधलेली ती चिंधी लाल होती, पण हे उजवीकडे वळले. मी ओरडले, अहो, लाल! ‘वाट बघ की कुठं जातीय,’ म्हणाले. वाट किल्ल्याकडेच जात होती. लष्करी माणूस, जमीन बघून चालतो, असं मनात म्हणून मी मागून फरफटत गेले.

मारुतीच्या देवळाजवळ कागदात स्पष्ट लिहिलेलं – ‘इथे लाल चिंधी.’ आणि पिंपळाला बांधलेली चिंधी माझ्या गिऱ्हाईक सुलाबाईंच्या ब्लाऊजची. मेंदी रंग, म्हणजे हिरवाच. मीच कापलेलं कापड, मी विसरेन? त्याच्याशेजारी उभी राहून मी तो कागद पुन्हा पुन्हा वाचला. लाल. पोरानं लाल म्हणूनच बांधली होती ती.

मग पारावर बसले. यांनी भरतीच्या मेडिकलचं हसत हसत कितीदा सांगितलंय – रंगीत ठिपक्यांचं पुस्तक पुढ्यात धरतात, ठिपक्यांतला आकडा वाचायचा. नाही दिसला तर चल घरी. माझ्या धवलला तो आकडा दिसणार नाही.

‘गुडघं दुखत्यात का?’ यांनी विचारलं. हो म्हटलं. तीही चिंधी त्यांनी सोडून खिशात घातली.

बुरुजावर धवल उभा. दोन शहाळी घेऊन. हाच खजिना. सवयीनं मला विचारायला लागला, ‘आई, बाबांना वाट...’ तेवढ्यात हेच त्याच्याकडे बघून बोलले. सरळ त्याच्याशी, होळीनंतर पहिल्यांदा. ‘चांगली आखलीस वाट. कुठं चुकलो न्हाई आमी.’ आणि शहाळं तोंडाला लावून, पुसून, ‘जा मेडिकलला.’

धवल वाकून पाया पडला. मी रडले. दोघांना वाटलं आनंदानं रडते.

रविवार, ११ मे
परतीच्या गाडीत दोघं शेजारी बसले. बोटींवर बोलत होते. मी मागे, एकटी.

गुरुवार, १५ मे. सांगली
आईला बघून येते सांगून माहेरी आले. माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या, नजरेचं विचारलं. आई हसायलाच लागली. ‘अगं, परसात मिरच्या तोडायला पाठवले की लाल-हिरव्या एक करून आणायचे. लग्नात माझ्यासाठी हिरवा म्हणून कसला शालू निवडला होता, ठाऊक आहे ना?’ मी तेव्हा हसायचे त्या गोष्टीला.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडेही जाऊन आले. असलं आजोबांकडून नातवाला येतं म्हणाले, मुलीमार्फत. औषध नाही. त्यात कुणाचा दोष नसतो म्हणाले. नसेल. पण माझ्यातूनच गेलंय ना!

सोमवार, १९ मे
मशीनवर बसल्या बसल्या म्हटलं, धवल, तेवढं लाल रीळ दे. त्यानं मेंदी रंगाचं आणून दिलं. ‘हेच ना?’ हेच, म्हटलं. तो गेल्यावर बदललं.

सांगू कुणाला? त्याला सांगितलं तर आत्ताच चेहरा उतरणार. यांना सांगितलं तर म्हणतील, बरं झालं, मी म्हणतच होतो. आणि परत ‘त्याला सांग’, ‘बाबांना सांग’ सुरू. आत्ता कुठे संध्याकाळी दोघं मिळून फिरायला जातात. चार दिवस घरात बरं वाटतंय, ते मोडायचं धाडस माझ्यात नाही.

सोमवार, १६ जून
बॅग भरली. तिखट पुऱ्या, चिवडा. ‘आई, तू अशी काय बघतेस?’ काही नाही रे.

मंगळवार, १७ जून
सकाळच्या मुंबई गाडीनं गेला. उद्या मेडिकल. यांनी खिडकीपाशी जाऊन त्याचा हात हातात घेतला, गाडी हलेपर्यंत.

घरी आल्यावर यांनी ट्रंकेतून रुमालाची पुरचुंडी काढून माझ्या मशीनवर ठेवली. आत विजयदुर्गच्या चिंध्या. सगळ्या.

‘धवलच्या नजरंला पडू देऊ नगंस,’ म्हणाले. ‘पयल्या माडालाच कळलं मला. आमच्या भरतीत एक गडी असाच परत गेलता.’

‘मग हो कशाला म्हणालात?’

‘न्हाई म्हनायला तितं डॉक्टर हायती. बापानं कशाला म्हनायचं?’

मी पुरचुंडी बांधून चिंध्यांच्या डब्यात तळाशी ठेवली. हे चपला घालून दारापर्यंत गेले नि मागे वळले. ‘परवा त्याला आणाय स्टँडवर मी जानार. माझं मीच बोलतो त्याच्याशी. तू घरीच थांब.’