लाल ठिपका

२ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उद्या सकाळी बोट सुटते. शिडं तपासून झाली, डबे भरले. आता माझं डोकं ठिकाणावर आहे का, एवढंच बघायचं राहिलंय. पण ते तू लहानपणापासून बघतेच आहेस. आईचा खोकला कसा आहे? तिला सांग, टिटवीची ही शेवटची शर्यत. मग तिच्या शेजारी पसरून दुपारपर्यंत झोपणार आहे. बोटीवर एकटीनं डुलक्या काढून काढून सलग झोप कशी असते तेच विसरलेय.

नियम मागचाच. शर्यत संपेपर्यंत वाईट बातमी कळवायची नाही. काका गेल्याचं मला भर समुद्रात कळलं, रडता रडता डोळा लागला, गजर ऐकूच आला नाही आणि बोट थेट मालवाहू जहाजाच्या पुढ्यात. आमचे बोटदुरुस्तीवाले मिस्त्री किनाऱ्यावरून माझ्याशी फोनवर बोलतात, त्यांनाही शपथ घातलीय. घरचं विचारलं तर सगळं ठीक, एवढंच म्हणायचं.

आईला फोनमधला नकाशा उघडून देत जा. त्यातला लाल ठिपका म्हणजे मी.

लोभ आहेच. तुझा ओरडा आल्यावर खाईन.
तुझी टिटवी

१९ नोव्हेंबर

चि. टिटवीस,
अ. उ. आ.

तू धक्क्याला लागलीस की हे पत्र मिस्त्री तुझ्या हातात ठेवतील. आधी खाली बस. आई गेली गं. परवा सकाळी.

खोकला साधा नव्हता. तू निघालीस आणि तिनं अंथरूण धरलं. डॉक्टरांनीही हात टेकले. मिस्त्रींना मी सगळं सांगत होते, तुला सांगू नका असंही मीच म्हणत होते. आई तर चाललीच होती, तिच्यापायी तुलाही घालवू का?

तुझी डोलकाठी मोडली त्या संध्याकाळी ठिपका मागे वळला. आईनं तो माझ्याआधी पाहिला. म्हणाली, वळली बघ, तिला कळलं. मग मला तुझी खोली झाडायला लावली, पलंगावर नवी चादर घालून घेतली, स्वतःचे केस विंचरून घेतले. कित्येक दिवसांनी दोन घास जेवली.

दुसऱ्या दिवशी ठिपका पुन्हा पुढे निघाला. मी फोन लपवला आणि तो बिघडलाय म्हणून सांगितलं. चादर तेवढी काढू नकोस म्हणाली. त्यानंतर आठवडा काढला तिनं.

मला काही सुचत नव्हतं, टिटवे. रागावलीस तरी लोभ सोडू नकोस.
तुझी ताई

९ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पोचले, सगळ्यांत शेवटी. लोक टाळ्या वाजवत होते आणि मिस्त्री मान खाली घालून उभे होते.

तुझ्यावर कसली रागावू? डोलकाठीमुळे वळले नव्हते गं मी. उरलेल्या तुकड्यावर शीड बांधून पुढे जाता येत होतं. पण आईसाठी जीव कासावीस झाला, का ते कळेना. म्हटलं, खड्ड्यात गेली शर्यत, आणि घराकडे बोट फिरवली. जवळच्या बंदराला लागून विमान धरलं असतं, तर घर चार दिवसांवर होतं.

सकाळी मिस्त्रींना फोन लावला. घरी सगळं बरं आहे ना, खरं सांगा म्हटलं. ते बिचारे शपथेला जागले. सगळं ठीक, म्हणाले.

म्हणून मी बोट पुन्हा शर्यतीकडे फिरवली, ताई.

आता धक्क्याजवळच्या खोलीत पडून आहे. गजर लावलेला नाही, तरी दचकून उठते. परवा निघते. त्या पलंगावर मला झोप यायची नाही, पण चादर अजून तशीच आहे का, ते कळव. काढली असलीस तरी खरं सांग.

लोभ उरला असेल तर राहू दे.
तुझी टिटवी