गुरुवारची गोळी

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

सारंगखेडा,
१० नोव्हेंबर २०२५

ती. तापीबाईस,
धाकट्या कामिनीचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडवत नाही, म्हणून हे पत्र. दाजींच्या हातात पडलं तर वाचू देत, पण मोठ्याने नको.

हे कापसाच्या जिनिंगवर रात्रपाळीला लागले. दिवसा केळीला पाणी, संध्याकाळी शहाद्याची बस. घरात मी आणि देव. माझ्या रक्ताच्या कॅन्सरला तिसरं वर्ष लागलं. पहिल्या वर्षी माणसं बघायला यायची. परवा मी जसोदाबाईकडे चमचाभर हळद मागायला गेले. तिने हळद दिली आणि मी काही बोलायच्या आत म्हणाली, की औंदा आमचाही हात तंग आहे. मी पैसे मागितलेच नव्हते. तेव्हापासून कुणाकडे जात नाही. बिनहळदीची भाजीही होते.

गोळी जन्मभर, रोज एक, जेवणावर घ्यायची. बाटलीला जेवढे जातात तेवढ्यात किराणा, वीज आणि खत भागतं. पण दत्ताची कृपा बघ, मागची बाटली महिना उलटून गेला तरी शिल्लक आहे. संसार मी असाच पुरवून पुरवून केला. महिनाअखेर सुरतेला रक्त तपासायचं आहे.

लोभ आहे तेवढाच असू दे. वाढवलास तर मला फेडता यायचा नाही.

तुझी,
कामिनी


प्रकाशा,
१९ नोव्हेंबर

चि. सौ. कामिनीस,
तापीबाईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र तुझ्या दाजींनी मोठ्यानेच वाचलं. मी बहिरी, त्यामुळे सगळं शेजारणीला ऐकू गेलं. तिने डबाभर हळद दिली आहे, ती बसच्या कंडक्टरकडे देते आहे. स्टँडवर जाऊन उतरवून घे आणि भाजीत घाल. सोबत पाचशे रुपये आहेत. मागच्यासारखे परत पाठवलेस तर मी बोलणार नाही. माझा गुडघा साथ देत नाही, नाहीतर स्वतःच आले असते.

एक विचारते. ताक उरतं, भाकर उरते. रोजची गोळी कशी उरते? शाळेत मी तुझ्याइतकी हुशार नव्हते, पण एवढं मलाही कळतं. उत्तर लिही.

आशीर्वादाला तोटा नाही, तेव्हा त्यात काटकसर करत नाही.

तापीबाई


सारंगखेडा,
१ डिसेंबर

ती. तापीबाईस, सा. न. वि. वि.

आज एकादशी, त्यात सोमवार. चूल नाही, वेळच वेळ आहे.

सुरतेचा निकाल चांगला नाही. रक्त पुन्हा बिघडलं. डॉक्टरांनी विचारलं, गोळी रोज चालू आहे ना? मी बोलायच्या आत यांनीच सांगितलं, की एक दिवस चुकायची नाही, देव्हाऱ्यात ठेवते ती बाटली. मी पदर सारखा केला. मग डॉक्टर म्हणाले की ही गोळी आता लागू पडत नाही, दुसरी घ्यावी लागेल. तिचा खर्च चौपट आहे.

घरी आल्यावर हे म्हणाले की नदीकाठचा केळीचा तुकडा विकू, यात्रा उठली की सौदा. तो तुकडा गेला तर हे वर्षभर दुसऱ्याच्याच कामावर. मी नव्या गोळीला नाही म्हणायचं ठरवलं आहे. यांना अजून सांगितलेलं नाही.

दत्ताची यात्रा भरते आहे, घोडे येऊ लागले. दरवर्षी आपल्याकडे पाहुण्यांना पाय टाकायला जागा नसते. यंदा कुणी विचारलंही नाही. मी सतरंज्या काढल्या, उन्हात घातल्या, पुन्हा घड्या करून ठेवल्या.

बाटलीचं पुढे कधी लिहीन. आहे त्या लोभात भागवते आहे.

कामिनी


प्रकाशा,
६ डिसेंबर

चि. सौ. कामिनीस, आशीर्वाद.

पुढे कधी लिहू नकोस, मला कळलं. गोळी जेवणावर घ्यायची आणि तू जेवतच नाहीस. गुरुवार तुझा जुना होता. हा सोमवार कधीपासून? आणखी कोणता वार धरलास? लहानपणी उपवासाला तू मोरीत लपून शेंगदाणे खायचीस. बाटली महाग झाली तशी तुझी भक्ती वाढली, असं म्हटलं तर रागावशील. रागाव.

डॉक्टरांना कसं कळावं, की गोळी हरली की गोळी पोटात गेलीच नाही? हेमकांतराव शेत विकतील तुझ्या न घेतलेल्या गोळ्यांपायी. सौद्याच्या आधी त्यांना सांग. दत्त काही तुझ्या गोळ्यांवर जगत नाही.

व्रत मोडेल म्हणून घाबरत असशील, तर ऐक. दाजींच्या खांद्याला धरून मी केदारेश्वराच्या पायऱ्या चढले. गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, आजारी बहिणीचं व्रत बहिणीने चालवलं तर देव हिशोब मागत नाही. तुझे सगळे वार मी उचलले. दत्तजयंतीच्या गुरुवारी पहिला उपवास केला. साबुदाण्याने पोट दुखलं ते तुझ्या नावावर लिहून ठेव.

तापीबाई


सारंगखेडा,
१९ डिसेंबर

ती. तापीबाईस, कामिनीचा सा. न. वि. वि.

सांगितलं. सकाळी हे पाळीवरून आले, हातपाय धूत होते, तेव्हाच सांगितलं. नाहीतर धीर झाला नसता. हे रागावले नाहीत. म्हणाले, डॉक्टरांपुढे मीच छाती ठोकून बोललो. मग आत येऊन देव्हाऱ्यातली बाटली उचलली आणि मिठाच्या डब्याशेजारी ठेवली.

सुरतेला गेलो. डॉक्टर म्हणाले, उपास धरणाऱ्या तुम्ही पहिल्या नाहीत. जुनीच गोळी रोज घ्यायची, पाडव्याच्या सुमारास रक्त तपासायचं. सुधारेलच असं त्यांनी म्हटलं नाही. तोवर सौदा थांबला आहे. बाटली आता महिन्याला संपणार आणि महिन्याला आणावी लागणार. तुझे पाचशे ठेवून घेतले.

काल गुरुवार. हे कामावर, घरात कुणी नाही. हळद घालून खिचडी टाकली. ताट वाढलं, पण घास उचलेना. इतक्या वर्षांची सवय. मग वाटलं, तिकडे तापीबाई पोट धरून उपाशी बसली असेल. तिची भूक मी वाया घालवायची? वाया घालवणं मला कधी जमलेलं नाही. सगळं जेवले. गोळी घेतली.

गुरुवारी मी एकटी जेवत नाही आता, तुझी भूकही ताटाशी असते, हे तुला कळावं म्हणून लिहिलं.

या खेपेला लोभ वाढवलास तरी चालेल.

तुझी,
कामिनी