भिजलेल्या खजुराची केस

५ जानेवारी, सोमवार. ऑफिसात, ११ वाजता
दिवाळीपासून म्हणतोय, आज फी भरून मोकळा झालो. समुद्री कायद्याचा डिप्लोमा, घरबसल्या. परीक्षा १५ मार्च, नामपल्लीत. वीज कंपनीत बिलांच्या तक्रारी ऐकून डोकं सडलंय. पुढे जहाज कंपन्या, क्लेम, खटले. हैदराबादेत या लाइनीत एक मराठी माणूस नाही, म्हणजे कॉम्पिटिशन शून्य. समुद्र पाहिलेला नाही, ही अडचण नव्हे. हार्टच्या डॉक्टरला आधी अटॅक येऊन गेलेला असावा लागतो का?
रोज पहाटे पाच ते सात अभ्यास.

७ जानेवारी
पाचचा अलार्म राणीने बंद केला. तिचं म्हणणं, पावणेसहापर्यंत वाजत होता. नवऱ्याच्या करिअरची ही कदर.
पुस्तक चाळलं. सहाशे पानं, कागदाला रॉकेलसारखा वास. पहिले अकरा धडे फालतू आहेत: नमुना घेणे, सील, तपासणी. कारकुनी कामं. मी थेट बाराव्या धड्यापासून सुरू करणार.

११ जानेवारी, रविवार
नुमाइशच्या प्रदर्शनाला जाऊन होकायंत्र आणलं. टेबलावर ठेवलं की वातावरण तयार होतं. मिरची भजी खाल्ली, तेल काळंकुट्ट, शी. पोट बिघडल्याने अभ्यास रद्द. उद्यापासून दुप्पट.

१४ जानेवारी
हिम्मतरावमामा तिळगूळ घेऊन आले. बेगम बाजारात त्यांचं सुक्या मेव्याचं दुकान, तीस वर्षांचं. रमजानसाठी यंदा पहिल्यांदाच खजुराचा आख्खा कंटेनर इराकहून थेट मागवलाय. मीच सांगितलं होतं दिवाळीत, मुंबईचे दलाल कशाला, काही झालं तर मी आहे ना. मामांनी सगळ्या सीझनचं भांडवल त्यातच घातलंय. मामी जरा घाबरलेली वाटली. बायका!

२४ जानेवारी, शनिवार
कंटेनर आला. दार उघडलं आणि मी मागे पळालो. अक्षरशः ओकारी आली. खजूर भिजून आंबलेले, रस गळतोय, वर माशांची जत्रा. मामा पोत्यांसमोर उकिडवे बसले ते उठेचनात.
जहाज कंपनी म्हणते, आमच्याकडे पाणी शिरलंच नाही, तुमच्या ट्रकवर नळाचं पडलं असेल. नुकसान तपासायला आलेल्या सर्व्हेयरने नमुना म्हणून कापडी थैलीत किलोभर खजूर भरून लाखेचं सील ठोकलं. लॅबमध्ये मीठ निघालं की पाणी समुद्राचं, जहाजवाले जबाबदार, भरपाई पक्की. लॅबची तारीख ९ फेब्रुवारी. मी मामांना ठाम सल्ला दिला: थैली आहे ना, मग बाकीची घाण फेका. फेकली.
थैली दुकानात ठेवली तर गिऱ्हाईक पळेल. मी म्हणालो, वकिलाच्या घरी ठेवू, म्हणजे माझ्या. मामांनी ती दोन्ही हातांनी दिली. म्हणाले, हौ रे रितेश, तू हायेस म्हणून बसलोय मी, नाही तर खलासच होतं.

२७ जानेवारी
घर नासलं. थैली टेबलाखाली, वास उशीपर्यंत. दारूच्या गुत्त्यात ओले मोजे वाळत घातल्यासारखा. होकायंत्रावर मुंग्या. गॅलरीत ठेवली तर आमच्या चिक्कडपल्लीतली सगळी मांजरं हजर. राणी नाकाला पदर लावून पोळ्या लाटते आणि माझ्याकडे बघते.

३० जानेवारी
सहा दिवस अभ्यास शून्य. कारण थैली. त्याआधीचे एकोणीस दिवसही शून्यच, पण त्याची कारणं वेगळी होती.

१ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळी ६
आज बारावा धडा उघडला! पहिलंच वाक्य: नुकसान वाढू नये म्हणून मालधन्याने योग्य ती काळजी घ्यावी. म्हणजे कायदाच सांगतोय! आणि मी वेडा, नाक दाबून बसलोय.
सील काढलं. खजूर तीन बादल्या पाण्यातून काढले. छ्या, काय तो चिखल. थैली पावडर टाकून खसाखसा घासली. गच्चीवर कडक उन्हात वाळवून सगळं परत भरलं, वर मेणबत्तीने सील. एक कण वास नाही. राणीने विचारलं, ते धुवायचं होतं का? मी म्हणालो, बाराव्या धड्यातलं तुला काय कळतं.
कायदा प्रत्यक्ष वापरण्यात जी मजा आहे ती पाठांतरात नाही.

९ फेब्रुवारी
थैली मामांकडे पोचवली. मामांनी हुंगून पाहिली, म्हणाले, काय की बावा, हलकी लागते. मी म्हणालो, माल वाळतो मामा. मामा खूश. तिथूनच लॅबला पाठवली. मामीने आग्रहाने जेवायला वाढलं. वकिलाला मान असतो.

२० फेब्रुवारी, शुक्रवार
रमजान सुरू झाला. आख्ख्या बेगम बाजारात खजुराचे ढीग, मामांच्या दुकानात अक्रोड.
मामा लॅबचा रिपोर्ट घेऊन आले. इंग्रजीत होता, म्हणाले, वाचून सांग. मी वाचलं, मीठ आढळलं नाही. मग घडी घालायला लागलो. मागे राणी उभी होती. म्हणाली, पुढची ओळ राहिली. पुढची ओळ अशी: कपडे धुण्याच्या पावडरीचा अंश आढळला. खाली जहाज कंपनीचं पत्र होतं. आमच्या जहाजावर अशी पावडर नव्हती, सबब क्लेम नामंजूर.
मामा बराच वेळ मोरीतल्या बादलीकडे बघत होते. धुतलास, एवढंच म्हणाले. चहा तसाच ठेवून गेले.

२१ फेब्रुवारी
सर्व्हेयर निष्काळजी. थैलीवर 'धुऊ नये' असं लिहायला काय झालं होतं? पावडरही भंगार, नीट निघत नाही. राणीला ब्रँड बदलायला सांगितलं.

२ मार्च
पहिले अकरा धडे उघडले. सहाव्यात सगळं आहे. ठळक अक्षरात. नमुना उघडू नये, पाण्याचा थेंब लावू नये. चार वेळा वाचलं. स्वतःची शिसारी आली. मामांना फोन लावला आणि त्यांनी उचलायच्या आत कापला.

१५ मार्च, रविवार
परीक्षा. प्रश्न पहिला: समुद्राच्या पाण्याने भिजलेल्या मालाचा नमुना कसा जपावा? मी लिहीत सुटलो. सहा पानं. सील, मीठ, लॅब, सगळं. अशी बिनचूक गोष्ट मी आयुष्यात लिहिलेली नाही.
बाहेर आलो तर गेटपाशी मामा, स्कूटर घेऊन. इतक्या दिवसांनी. काय आलं होतं, विचारलं. मी सांगितलं. त्यांनी स्कूटर स्टँडवर लावली. मग म्हणाले, बराबर लिहिलास? मी म्हणालो, पूर्ण. मामा म्हणाले, चल, माझा माल कामी तरी आला, तू पास झालास. आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.
उरलेले चार प्रश्न कोरे सोडून आलोय. स्कूटरवर मागे बसून घरापर्यंत आलो, पण हे त्यांना सांगता आलं नाही.